ढब्बू आता गुरगुरत नाही

"हॅलो? … हं, बोल गं, बोल! किती दिवसांनी आठवण काढलीस … छे, कामात कसली? भुऱ्याला बसायला शिकवत होते … हो, नवीन आलाय. एक नंबरचा दांडगट. पण करते सरळ … तू कशी आहेस? आणि आमचा ढब्बू काय म्हणतो?"

मास्तरीणबाईंनी फोन खांदा आणि गाल यांच्यामध्ये दाबला आणि मोकळ्या झालेल्या हाताने भुऱ्याची दोरी आखडली. कुत्र्यांना वळण लावायचं हा त्यांचा धंदा. पोराबाळांच्या शाळेत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी आख्खा परिसर त्यांना मास्तरीणबाई म्हणायचा आणि त्यांनाही ते गोड लागायचं. पत्र्याची शेड, पुढे जाळी मारलेलं अंगण, मधोमध मोबाइल लावायची तिपाई, आणि फाटकावर निळ्या अक्षरांची पाटी : 'इथे मार नाही, धाक नाही. इथे फक्त माया.'

फोनवर होती ढब्बूची मालकीण. लग्न होऊन नवं घर मांडलेली, कुत्र्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावणारी. सासूबाई कायमच्या राहायला यायच्या आत कुत्रा शहाणा करून द्या, म्हणून तिने ढब्बूला इथे आणून सोडलं होतं. मास्तरीणबाईंनी दिलाही होता करून.

"काय? … थांब, थांब. आधी रडणं थांबव, मला कळत नाहीये … कोणाला चावला? … सासूबाईंना? … हाताला. अरे देवा! टाके पडले? … आणि इंजेक्शन? … घेतलं ना, बरं झालं … हं … हं … अगं पण तू कशाला माफी मागतेस माझी? … माझी मेहनत कसली मातीत गेली? वेडी आहेस का! … मी सांगितलं ते रोज करून घेत होतीस ना? … मग झालं तर! … नाही गं, लाडाने कुत्रं चावत नसतं. कोण म्हणालं? … नवरा. हं … तूच डोक्यावर बसवून ठेवलंस म्हणाला? … अगं, ऐक ना, चिडल्यावर माणूस बोलतो तसं. त्याच्या आईला लागलंय. मनावर नको घेऊस."

समजूत घालणं त्यांना छान जमायचं. कुत्र्यापेक्षा मालकांना वळण लावणं अवघड, असं त्या हसत हसत म्हणायच्या, आणि मालकही हसायचे.

"बरं, आता शांतपणे सांग. चावायच्या आधी गुरगुरला असेल ना? … नाही? … नीट आठव. ओठ वर उचलला असेल, दात दाखवले असतील … तू स्वयंपाकघरात होतीस. मग सासूबाई काय म्हणतात? … काय म्हणतात? … पुन्हा सांग."

पलीकडच्या पोरीने पुन्हा सांगितलं, आणि मास्तरीणबाईंनी ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हटलं.

"हूं की चूं केलं नाही. सरळ चावला."

हातातली दोरी सैल झाली. भुऱ्या उठेल असं वाटलं होतं, पण तो उठला नाही. बसल्या जागी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

देवाने कुत्र्याला शब्द दिले नाहीत, गुरगुर दिली. मला नको वाटतंय, मागे हो, एवढं सांगण्यापुरती. या धंद्यात जो पहिल्या दिवशी येतो त्यालाही हे शिकवतात, आणि मास्तरीणबाईंनी तर हे किती नवशिक्यांना घसा फोडून शिकवलं होतं. पण ढब्बू गुरगुरायचा आणि घरच्यांना ती गुरगुर नको होती. सासूबाई येण्याचा दिवस जवळ आला होता. मग एके सकाळी त्यांनी ढब्बूला शेडच्या मागे नेलं. तिथे तिपाई नव्हती. तिथून परत आल्यावर ढब्बू कॅमेऱ्यासमोर बसला, त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं तरी गप्प, अंगाला हात लावला तरी गप्प. 'ढब्बू आता गुरगुरत नाही' या नावाने तो व्हिडिओ घरोघर फिरला आणि फाटकाबाहेर माणसांची रीघ लागली.

"ऐकतेय गं, ऐकतेय. आहे मी … काय सांगू आता? … असतं एकेकाच्या रक्तातच. वरून गरीब दिसतात, पण आतून … हो ना. कितीही शिकवलं तरी … आपण तरी काय करणार?"

बोलल्या, आणि लगेच जीभ चावली. पण शब्द सुटून गेले होते.

"काय म्हणालीस? … आज? … आज संध्याकाळीच? … कोण, आपले डॉक्टर? … हो, ओळखते ना, त्यांनीच तर तुला माझ्याकडे पाठवलं होतं … निघालेसुद्धा? … अगं पण कायमचं झोपवायचं म्हणजे … नवऱ्याने ठरवलं. आणि तू? … मग माझ्याकडे कशाला फोन … काय? … मास्तरीणबाईंना विचार, त्या म्हणाल्या कुत्रं मुळातच वाईट तर विषय संपला, असं म्हणाला तो? … आणि मी आत्ता … नाही, नाही, थांब. अजून सांगू नकोस त्याला … रक्ताचं ते मी … अगं, ऐक तर … कोण घेतंय फोन? … सासूबाई? … स्पीकरवर नको गं! … टाकलास पण?"

त्यांनी घसा खाकरला, पदर सावरला. फोनवर पदर कोणाला दिसतो? पण मोठ्या माणसापुढे हात आपोआप जातो.

"नमस्कार, काकू. हात कसा आहे? … ठणकतोय. ठणकणारच … हो, मीच ती मास्तरीण … हो, व्हिडिओतली … तुम्हाला आवडला होता? … काय करू म्हणता? … दटावू? फोनवरून? … अहो काकू, फोनवरून काय दटावायचं … हो, ओळखतो तो माझा आवाज, पण … काय झालं? काय हसताय? … आत्ता? माझा आवाज ऐकून? … टेबलाखाली. बरं. आणखी काय करतोय? … शेपूट कुठे आहे? … पोटाखाली. ओठ चाटतोय का सारखे? … काय? फरशी ओली केली? … नाही काकू, हसू नका. शिस्त नाहीये ती. अहो, नाही, मान वगैरे काही नाही देत तो मला! … सूनबाई कुठे आहे? तिला म्हणावं स्पीकर बंद कर. आधी बंद कर, मग बोलू … बंद केलास? आता दोघी दुसऱ्या खोलीत जा. दार ओढून घे. त्याला माझा आवाज अजिबात ऐकू जाता कामा नये … कारण विचारू नकोस गं, जा आधी. सांगते. सगळं सांगते."

मास्तरीणबाई अंगणातल्या उलट्या घमेल्यावर बसल्या. आपल्या आवाजाने कुत्री दगडासारखी स्थिर होतात, याची त्यांना केवढी ऐट होती! पाहुण्यांसमोर त्या मुद्दाम हळूच हाक मारायच्या आणि सगळी कुत्री एकदम थिजली की लोक टाळ्या वाजवायचे. आता कोणाच्या तरी घरात, टेबलाखाली, एक जीव त्यांचा आवाज ऐकून ओल्या फरशीवर थरथरत होता, आणि टाळ्यांसारखंच तेही त्यांचंच होतं.

"गेलात आतल्या खोलीत? … काकू, फोन तुमच्याच हातात असू दे. मी सांगते ते आधी ऐकून घ्या, मग तोंडाला येईल ते बोला … ढब्बू गुरगुरायचा. माझ्याकडे आला तेव्हा चांगला गुरगुरायचा. कानाजवळ हात नेला की … हो, कानाजवळ. आणि त्याची ती गुरगुर मी बंद पाडली … शिकवून नाही हो. शिकवून एवढ्या झटपट नाही होत … एक पट्टा असतो काकू. आतल्या बाजूला टोकं असतात. ओढला की मानेत रुततात … हो, तसलाच. गुरगुरला की झटका. पुन्हा गुरगुरला की पुन्हा … रक्त नाही येत. दिसत नाही काही. केसांत झाकून जातं … हो. म्हणूनच वापरतात … नाही, व्हिडिओत कसं दिसेल? ते शेडच्या मागे. व्हिडिओ पुढच्या अंगणात … हो काकू. देखावा म्हणा … हो, पाटीवर माया लिहिलंय. मीच रंगवून घेतली … बोला. बोला तुम्ही. ऐकतेय."

आणि काकू बोलल्या. हात ठणकत होता, तरी बोलायला दम होता त्यांना. मास्तरीणबाईंनी एकदाही फोन कानापासून दूर केला नाही. भुऱ्या अजून तसाच बसला होता, ऊठ म्हटल्याशिवाय न उठणारा. त्याच्या गळ्यातल्या तसल्याच पट्ट्यावर त्यांची नजर गेली. फोन एका हातात, दुसऱ्या हाताने त्या बकलाशी झटापट करू लागल्या. बकल घट्ट होतं. स्वतःच लावलेलं. टोक बोटात घुसलं तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला.

"नाही काकू, तुम्हाला नाही. इथे काहीतरी सोडवत होते … हो, तोच पट्टा. दुसऱ्या कुत्र्याचा … हो. आजही. आत्तासुद्धा … काय बोलू? तोंड नाही मला … विचारा ना … का चावला? … अहो, गुरगुरलं की दुखतं हे त्याला मी शिकवलं. मग तो गुरगुरायचं सोडून देतो, पण भीती थोडीच जाते? तुमचा हात जवळ आला, त्याला सांगायचं होतं, सांगायची वाट मी बुजवून टाकलेली. राहिलं काय? दात … हो. तुमच्या हातावरचे टाके माझे आहेत, काकू."

मास्तरीणबाई फोनकडे बघून पुन्हा तो कानाला लावत होत्या.

"आहात ना? … एक विचारू? तुम्ही नेमकं काय करत होतात? … कान पुसत होतात. कुठला, डावा? … डावाच. आणि पुसत का होतात? … घाण वास येत होता. कसला? … थांबा. कुबट, ओल्या फडक्यासारखा? … अरे देवा. अरे माझ्या देवा! … काकू, तो वास माझ्याकडेसुद्धा येत होता. मला वाटलं, सूनबाईने आंघोळ घातली नसेल. मनात हसलेसुद्धा तिला … दुखत होतं हो त्याला! कान ठणकत होता, हात लावू नका म्हणून सांगत होता. आणि मी, कुत्र्यांची भाषा कळते म्हणून मिरवणारी … दुखतंय म्हणणाऱ्याच्या मानेला मी झटके दिले."

डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी मनगटाने पुसलं. रडून सुटका करून घ्यायचा हक्क आपल्याला नाही, असं काहीसं त्यांना वाटलं.

"बेल वाजली का? … डॉक्टर असतील. काकू, मी पाया पडते, तुमच्या मुलाला एवढं सांगा : कुत्रा मुळातला वाईट नाही, आणि बायकोने डोक्यावर बसवलं नाही. हे मास्तरीणबाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणावं … मघाशी? हो, मघाशी रक्ताबिक्ताचं बोलले मी. स्वतःला वाचवायला बोलले. खोटं होतं ते … मलाच सांगू द्या डॉक्टरांना. द्या त्यांच्याकडे. त्या खोलीतच बोलवा, बाहेर नको."

डॉक्टरांचा आणि त्यांचा जुना संबंध. कुत्रा हट्टी निघाला की डॉक्टर याच फाटकाचा पत्ता द्यायचे. धंद्याचा निम्मा गाडा त्यांच्या शब्दावर चालत होता. मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, मी बोलतेय … हो, कळलं सगळं. ते इंजेक्शन पिशवीतून काढू नका अजून. आधी त्याचा डावा कान बघा … जुना असणार. माझ्याकडे होता तेव्हापासून … बघितला नाही मी … नाही, तो शांत झाला नव्हता, डॉक्टर, घाबरून गप्प बसला होता … टोकांचा पट्टा … हो. तुम्ही विचारलं होतंत. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं करून विचारलं होतंत, असलं काही वापरत नाही ना. मी नाही म्हणाले. हसून म्हणाले … खोटं बोलले … हो … हो … बरोबर आहे तुमचं … नका पाठवू. मी तुमच्या जागी असते तर मीही नसतं पाठवलं … ते मी नंतर ऐकते, पाहिजे तेवढं ऐकते, पण आधी कान! तोंडाला जाळी बांधा, मागून जाऊ नका, आणि टेबलाखालून ओढून काढू नका. सूनबाईला जवळ बसू द्या, ती हाक मारेल … मी फोनवर थांबते. बोलत नाही. एक अक्षर बोलत नाही."

आणि खरंच बोलल्या नाहीत. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, मग लांबून एक हलकी हाक आली, पुन्हा पुन्हा, जशी तापात पडलेल्या लेकराला आई देते. मास्तरीणबाईंनी तोंडावर हात दाबून धरला. श्वाससुद्धा पलीकडे जायला नको. आजवर कोणासाठी जीवदान मागायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती. आता त्या मागत होत्या. देवाकडे मागत होत्या, आणि मागताना लाज वाटत होती, कारण देवाने तो जीव एकदा त्यांच्या हाती दिलाच होता.

भुऱ्याचा पट्टा जमिनीवर पडला होता. भुऱ्या मात्र तिथेच, बसलेला.

"हं? … बोलू? दार लावलंय ना? … बोला डॉक्टर … पू? … आतपर्यंत? … किती सोसलं असेल हो त्याने! … आणि आता? … औषध. धुवून काढणार … म्हणजे आज … आज नाही ना? … नाही. नाही म्हणालात ना? … पुढचं कुत्र्याच्या वागण्यावर. कबूल. त्याला पुन्हा हाताची सवय लावायला माणूस मात्र … नाही, मी नाही. मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, माझ्या चपलांचा आवाज आला तरी तो … दुसरं कोण? … एक आहे. तुम्हाला माहीत आहे, ती … हो, तीच. बिस्कीटवाली."

हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. पलीकडच्या रस्त्यावरची ती बाई खिशात खाऊ घेऊन कुत्र्यांच्या मागे मागे हिंडायची, एकेकाला शिकवायला महिने लावायची आणि व्हिडिओ काही काढायची नाही. मास्तरीणबाई तिची नक्कल करून चार माणसांना हसवायच्या.

"हो, मी टिंगल करायचे तिची. आता मीच फोन करते तिला … काय सांगणार? हेच. मी काय केलं ते, आणि तू सावर म्हणून … नाही म्हणाली तर घरी जाऊन सांगेन … बाकीची कुत्री? … हो डॉक्टर, आहेत. बरीच आहेत. सगळी गप्प आहेत … मालक खूश आहेत, तीच तर भीती. उद्या कोणाचं लेकरू … नाही, मेसेज नाही. एकेका घरी फोन. आजपासूनच … मी सांगितलं नाही तर तुम्ही सांगा, हक्क आहे तुमचा. पण सांगेन मी … व्हिडिओ काढून टाकते. नाही, नुसता काढत नाही, का काढला तेही लिहिते … बरं. द्या काकूंकडे."

पाण्याचं भांडं हातभर अंतरावर होतं, पण त्यांनी घेतलं नाही.

"काकू, ऐकलंत ना? एक सांगून ठेवते. थोडा बरा झाला की तो परत गुरगुरेल कदाचित. गुरगुरू द्या त्याला. ओरडू नका, हात मागे घ्या एवढंच … हो, चांगली खूण असेल ती … भीती वाटणारच तुम्हाला. वाटली तर दुसरीकडे ठेवा म्हणा, कोणी तुम्हाला नाव ठेवणार नाही. जखम तुमच्या हाताला आहे … राहू दे म्हणता? … तुम्ही म्हणता? … मला मात्र तोंड दाखवू नको म्हणता? नाही दाखवत, काकू … नाही, माफ करा असं नाही म्हणत. करायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. आणि खरी माफी मागायची ती त्याच्याकडे, त्याला कुठल्या तोंडाने … ठेवू? … परत सूनबाई? बरं."

फोनचा हात बदलला. पलीकडे ती पोर नाक ओढत होती, पण आता रडण्याचा सूर निराळा होता. मास्तरीणबाईंना तो ओळखू आला आणि नको नको झाला.

"बोल गं … मांडीवर डोकं ठेवलंय? … झोपला? … जाळी काढली डॉक्टरांनी? … बरं, बरं … नवरा काय म्हणाला? … काहीच नाही? म्हणेल. वेळ दे … काय? … नको. अगं, ऐक ना, नको म्हणते ना मी … आभार कसले? … मी खरं बोलले म्हणून? त्याचे कुठे आभार मानतात! … नाही, मी मोठ्या मनाची वगैरे काही नाही. शिवी दे हवं तर. तुझा रागच मला झेपेल गं, हे नाही झेपत … पुन्हा तेच! … रडू नकोस. तो उठेल … हो, इथून पुढे फोन नको मला. चुकून स्पीकर लागला तर त्याच्या कानावर … हो, डॉक्टरांकडून कळेल मला. कळलं तर कळलं … ठेव आता … नाही, आधी तू ठेव. माझ्याने नाही ठेववत … ठेव, बाळा."

फोन बंद झाला. भुऱ्याला ऊठ म्हणायला मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं, त्याचे कान मागे गेलेले पाहिले, आणि तोंड मिटलं. जाळीचं दार सताड उघडून त्या बाजूला झाल्या, पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि त्याला वाटेल तेव्हा उठू दिलं.